व्हीसीडी-डीव्हीडीची घरची प्रत: नवा स्लिम ड्राइव्ह की डेस्कटॉपमधला जुना?

रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, इंदूरमधल्या कुठल्याही मराठी घरात टीव्हीखालचं कपाट उघडलं की नाटकांच्या व्हीसीडींचा एक गठ्ठा निघतोच. पुण्या-मुंबईच्या फेरीत हौसेनं आणलेली दोन-अंकी, तीन-अंकी नाटकं, त्यांच्याखाली सिनेमांच्या डीव्हीडी आणि तळाशी कुणाच्या तरी लग्नाची, मुंजीची डिस्क. प्लेअर कधीच भंगारात गेलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला ट्रे नसतो. मग आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन ‘बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह’ मागितला जातो आणि दुकानदार काळ्या रंगाचा पातळ यूएसबी ड्राइव्ह पुढे करतो.

तो घ्यावा का? डिस्क चांगल्या असतील तर खुशाल घ्या. पण वीस वर्षं जुन्या व्हीसीडी वाचवायच्या असतील तर त्याच मॉलमध्ये जुन्या डेस्कटॉपमधून काढलेला, सव्वापाच इंची, सॅटा जोडणीचा मोठा ड्राइव्ह मागा आणि सोबत 12 व्होल्टचा अडॅप्टर असलेली यूएसबी-सॅटा केबल घ्या. दिसायला ओबडधोबड आहे, टेबलावर जागा खातो, पण काम तोच करतो. या कामात सॉफ्टवेअरपेक्षा ड्राइव्ह जास्त महत्त्वाचा, हे लोकांना सगळ्यात उशिरा कळतं. सॉफ्टवेअर फुकट बदलता येतं. ड्राइव्हला जे वाचताच आलं नाही, ते कुठलंही सॉफ्टवेअर आणून देणार नाही.

फरक पडतो तो असा. स्लिम ड्राइव्हमध्ये डिस्क मधल्या खुंटीवर हातानं दाबून बसवायची असते. मोठ्या ड्राइव्हमध्ये ती वरून चुंबकाच्या चकतीनं घट्ट धरली जाते. जराशी वाकलेली किंवा कागदी लेबल चिकटवलेली डिस्क स्लिममध्ये थरथरते आणि लेन्सला नेम धरता येत नाही. दुसरी अडचण विजेची. यूएसबी 2.0 चं पोर्ट 500 मिलिअँपिअर देतं, यूएसबी 3.0 चं 900. स्लिम ड्राइव्हला डिस्क फिरवायला सुरुवात करताना क्षणभर एक अँपिअरच्या वर लागू शकतो. म्हणून हबमध्ये खोचलेला स्लिम ड्राइव्ह डिस्क घेतो, दोनदा घरघरतो आणि गप्प बसतो. लोकांना वाटतं डिस्क गेली. बहुतेक वेळा डिस्क ठीक असते, वीज कमी पडलेली असते. ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. दोन यूएसबी टोकांची वाय-केबल मिळाली तर आणखी उत्तम. बिनब्रँडचे स्लिम ड्राइव्ह शक्यतो टाळाच, कारण त्या खोक्यात जुन्या लॅपटॉपमधलं कुठलंही युनिट बसवलेलं असू शकतं आणि ते किती वापरलेलं आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

वेगातही फरक आहे. डीव्हीडीचा 1एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे 1.385 मेगाबाईट. स्लिमवर 8एक्स लिहिलेलं असतं, मोठ्यावर 16एक्स, पण तो वेग डिस्कच्या बाहेरच्या कडेला पोहोचल्यावर मिळतो, आतल्या बाजूला निम्म्याहून कमी. साडेसात जीबीच्या दुहेरी थराच्या सिनेमाला स्लिम वीस मिनिटांच्या आसपास घेतो, मोठा दहा-बारा. काही ड्राइव्ह सिनेमाची डीव्हीडी ओळखून मुद्दाम हळू वाचतात. हा आवाज कमी ठेवण्यासाठी कंपनीनंच घातलेला लगाम असतो, बिघाड नव्हे.

जुना ड्राइव्ह घेताना केबलच्या बाबतीत एक चूक हमखास होते. बाजारात सहज मिळणारी छोटी यूएसबी-सॅटा केबल लॅपटॉपच्या अडीच इंची हार्डडिस्कसाठी असते. ती फक्त 5 व्होल्ट देते. मोठ्या ड्राइव्हच्या मोटरला 12 व्होल्ट लागतात. त्या केबलवर दिवा लागेल, कदाचित संगणकाला ड्राइव्हचं नावही दिसेल, पण डिस्क फिरणार नाही. केबलसोबत 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा वेगळा अडॅप्टर आणि 15 पिनांची सॅटा पॉवरची वायर आहे ना, हे दुकानातच उघडून बघा.

दुकानात जाताना घरून दोन डिस्क न्या, एक जरा रडणारी व्हीसीडी आणि एक दुहेरी थराची सिनेमाची डीव्हीडी. दोन्ही तिथंच लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रे तीन-चार वेळा उघड-बंद करा. जुन्या ड्राइव्हमध्ये ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल पडतो, मग बटण दाबलं की आत ‘टक’ वाजतं आणि ट्रे जागचा हलत नाही. पट्टा बदलता येतो, पण त्या हिशेबानं भाव पाडून मागा. नव्या स्लिमच्या पाव किमतीच्या वर जुन्याला देण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघायची: ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये डीव्हीडी रीजनची चौकट असते. रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा ठरलेला क्रमांक, भारताचा 5. रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, त्यानंतर शेवटचा कायम होतो. आधीच्या मालकानं परदेशी डिस्क बघत पाचही संधी संपवलेल्या असल्या आणि ड्राइव्ह रीजन 1 वर अडकलेला असला तर तो सिनेमांच्या डीव्हीडीसाठी घेऊ नका. व्हीसीडीला रीजनची भानगडच नाही.

आता व्हीसीडी. या गठ्ठ्यात सगळ्यात आधी हात घालायचा तो यांनाच, कारण यांना आतून आधार कमी आहे. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका छोट्या तुकड्यात, 2048 बाईट माहिती असते आणि 276 बाईट चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. व्हीसीडीत चित्राला जागा मिळावी म्हणून हे 276 बाईटही चित्रानंच भरले, म्हणजे सेक्टरमागे 2324 बाईट. त्यामुळेच 74 मिनिटांच्या सीडीवर 74 मिनिटांचा व्हिडिओ मावतो. पण त्याची किंमत अशी की ओरखडा पडला तर दुरुस्तीची शेवटची पायरीच नाही. डीव्हीडी जो ओरखडा पचवून टाकते, त्यावर व्हीसीडी अडते.

लावण्याआधी डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा, छापील बाजू स्वतःकडे ठेवून. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले तर तिथला चकाकणारा थर उडाला आहे आणि तिथली माहिती गेली आहे. सीडीत हा थर छापील बाजूच्या अगदी लगेच खाली, नुसत्या लॅकरच्या आवरणाखाली असतो. म्हणून सीडीची छापील बाजू जपायची. खालच्या बाजूचा ओरखडा 1.2 मिलिमीटर प्लास्टिकवर असतो, तो एक वेळ वाचता येतो. डीव्हीडीत माहितीचा थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे तिचं छापील अंग तितकं नाजूक नसतं. पॉलिश करून देणारी यंत्रं खालचं प्लास्टिक घासतात. वरचा थर उडाला असेल तर त्यांचा काडीचा उपयोग नाही. आणि पॉलिश करायचीच असेल तर आधी जेवढं वाचता येईल तेवढं वाचून घ्या. टूथपेस्टचा प्रयोग तर अजिबात नको.

पुसायची पद्धत: मऊ मायक्रोफायबर कापड, डाग असेल तर साबणाच्या पाण्याचा हलका हात, आणि पुसायचं मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल-गोल पुसू नका. माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते. आडवा ओरखडा त्या मार्गाला क्षणभर छेदतो, गोल ओरखडा मात्र त्याच मार्गावर लांबवर चालत जातो. धूळ आधी फुंकून किंवा पाण्याखाली धरून घालवा. उन्हाळ्यात आपल्याकडे कपाटातसुद्धा धुळीचा थर बसतो, आणि ती कोरडी पुसली की तीच ओरखडे पाडते.

व्हीसीडी उघडल्यावर एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरात एव्हीएसईक्यू01 ही डॅट फाईल दिसते. बहुतेक लोक ती नुसती ओढून हार्डडिस्कवर टाकतात. डिस्क ठणठणीत असेल तर विंडोजवर हे चालतं आणि फाईल व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजतेही. पण एक सेक्टर जरी अडला तरी विंडोज ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’चा निरोप देऊन सगळी कॉपी सोडून देतं, अगदी सत्तराव्या मिनिटाला अडलं तरी. लिनक्सवर आणि मॅकवर साधी कॉपी बऱ्याचदा सुरुवातीलाच मार खाते.

यासाठी इमगबर्न हे डिस्कची प्रत काढणारं विंडोजवरचं सॉफ्टवेअर अजूनही चांगलं. 2013 नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही, पण या कामापुरतं काही कमी पडत नाही. बसवताना जोडीला येणाऱ्या भलत्या सॉफ्टवेअरच्या चौकटी नीट वाचून नाकारा. मग ‘रीड’ मोड निवडा. वेग 8एक्सवर आणा (हा सीडीचा एक्स, डीव्हीडीच्या एक्सहून खूप लहान). ड्राइव्ह 48एक्सचा असला म्हणून 48एक्सवर वाचू नका. संथ फिरणाऱ्या डिस्कवर लेन्सचा नेम चांगला लागतो. 8एक्सवर पूर्ण व्हीसीडीला दहाएक मिनिटं लागतात. सेटिंग्जमधल्या ‘रीड’च्या पानावर ‘इग्नोर रीड एरर्स’ला खूण करा, म्हणजे अडलेला सेक्टर सोडून ते पुढे जाईल. बिन आणि क्यू अशा दोन फाईल तयार होतात. हीच तुमची मूळ प्रत, ती जपून ठेवा.

या बिन फाईलची खातरजमा करायचा सोपा मार्ग आहे. तीच डिस्क दुसऱ्यांदा वाचा आणि दोन्ही बिन फाईलचा एसएचए-256 आकडा काढा, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासून असते. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर वाचन भरवशाचं. नाही जुळले तर कुठेतरी ड्राइव्ह दर वेळी वेगळं वाचतोय. तेव्हा डिस्क पुन्हा पुसा, वेग आणखी कमी करा, नाहीतर दुसऱ्या ड्राइव्हवर लावा. इथं स्लिम कामाला येतो. एका ड्राइव्हला न वाचता आलेली जागा दुसरा सहज वाचतो असं पुष्कळदा घडतं, म्हणून घरात आधीच स्लिम असेल तर तो देऊन टाकू नका.

बघण्यासाठीची फाईल एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरनं करा, आणि ती ‘कॉपी’ पर्यायानं, म्हणजे डॅटमधलं चित्र आणि आवाज जसेच्या तसे एमपीजीत भरले जातात. पुन्हा एन्कोड करू नका. व्हीसीडीचं चित्र मुळात 352 गुणिले 288 ठिपक्यांचं, सेकंदाला 1150 किलोबिटचं. त्याला आणखी दाबलं तर नटाचा चेहरा पिठासारखा होतो. दाबून वाचणारी जागाही नगण्य: मूळ फाईलच तासाला साधारण 630 मेगाबाईटची, म्हणजे तीन तासांचं नाटक दोन जीबीच्या आत. ‘एचडी करून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. जे ठिपके डिस्कवर नाहीत ते कुणी आणू शकत नाही. दोन-तीन डिस्कवरचं नाटक एका फाईलमध्ये हवं असेल तर एमकेव्हीटूलनिक्समध्ये ‘अपेंड’नं जोडा. एकाच संचातल्या डिस्क असल्या की त्या सहसा विनातक्रार जुळतात.

सिनेमांच्या डीव्हीडीसाठी मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर. डीव्हीडीपुरतं ते फुकट आहे. ब्ल्यू-रेसाठी ते बीटा असेपर्यंत फुकट, पण त्याची तात्पुरती की अधूनमधून बदलावी लागते. डिस्क उघडली की शीर्षकांची यादी येते. सिनेमात सगळ्यात लांब शीर्षक घ्यायचं. नाटकाच्या डीव्हीडीत मात्र प्रत्येक अंक वेगळं शीर्षक असू शकतो, तेव्हा नुसतं सगळ्यात लांब निवडलं तर हाती एकच अंक येतो. आधी कालावधींची बेरीज करून बघा. आवाजाच्या आणि सबटायटलच्या हव्या त्या ट्रॅकना खूण करून ठेवा. निघणारी एमकेव्ही फाईल मूळ दर्जाचीच असते, फक्त खोकं बदललेलं. एक टेराबाईटच्या डिस्कवर सात-सात जीबीचे जवळपास 140 सिनेमे मावतात, त्यामुळे दाबायची घाई नको.

वाचन बिघडलं की मेकएमकेव्हीच्या नोंदींत ‘एल-ईसी अनकरेक्टेबल एरर’ अशा ओळी रांगेनं येऊ लागतात आणि ड्राइव्ह मागे-पुढे सरकण्याचा खर्र-खर्र आवाज येतो. तेव्हा थांबवा, तासभर झगडू देऊ नका. डीव्हीडीत दुरुस्तीचा एक गट 16 सेक्टरांचा, म्हणजे 32 किलोबाईटचा असतो, आणि तो एकत्र वाचतो किंवा एकत्र जातो. पाहायला गेलं तर हा एका सेकंदाचा विसावा भागसुद्धा नाही. पण एमपीईजी-2 मधली चित्रं एकमेकांच्या आधारानं उभी असतात, त्यामुळे पडद्यावर चौकोनांचा पुंजका अर्ध्या सेकंदापर्यंत टिकतो. एवढं सोसता येतं. दुहेरी थराच्या डिस्कमध्ये सिनेमाच्या मध्यावर चुका आल्या तर ते थर बदलण्याचं ठिकाण असतं. तिथं स्लिम अडतो आणि मोठा पार होतो, हे चित्र वारंवार दिसतं.

लग्नाच्या, मुंजीच्या डिस्क फोटो स्टुडिओत कोऱ्या डीव्हीडीवर लिहिलेल्या असतात. त्यांच्यावर सिनेमांच्या डीव्हीडीसारखं कॉपी रोखणारं कुलूप नसतं, पण त्यांचा रंगद्रव्याचा थर उष्णतेनं आणि उजेडानं फिका पडतो, आणि माळ्यावर ठेवलेल्या डिस्कनी इंदूरचे चाळीस अंशांपुढचे किती मे महिने काढले असतील ते मोजा. यांची पूर्ण आयएसओ प्रत घ्या, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाईल, त्यात मेन्यूही राहतो. अडणाऱ्या डिस्कसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा: ब्लॉक 2048 बाईटचा ठेवा, पहिल्या फेरीत फक्त सहज वाचतं ते घ्या, मग अडलेल्या जागांवर तीन फेऱ्या करा. काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद ते मॅप फाईलमध्ये ठेवतं. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅप फाईल दिली की ते फक्त उरलेली भोकं भरतं. व्हीसीडीवर मात्र हे चालवू नका, तिचे सेक्टर वेगळ्या मापाचे असतात.

फाईल लहान करायचीच असेल तर हँडब्रेक हे सॉफ्टवेअर. ‘एचक्यू 576पी25’चा प्रीसेट घ्या, आरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, 20 ठेवा (आकडा लहान तितका दर्जा चांगला). 18 ते 22 च्या बाहेर जाण्याचं कारण नाही. आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी आणि जवळपास सगळी लग्नं इंटरलेस्ड असतात, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांनी बनलेलं असतं, म्हणून हलत्या हाताच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. ते दात काढायला सिनेमाला ‘डीकोम्ब’ हा पर्याय पुरतो. लग्नाच्या चित्रणाला ‘बॉब’ निवडा, ते प्रत्येक अर्ध्या चित्राचं पूर्ण चित्र करतं, आणि फ्रेम रेट 50 करा. तो बदलायला विसरलात तर बॉबचा फायदाच जातो आणि वरातीतला नाच पुन्हा झटके देत चालतो. नाटकांसाठी खास काळजी: हँडब्रेक काळ्या कडा आपोआप कापतं, आणि अंधाऱ्या रंगमंचाची कडही त्याला काळी पट्टी वाटू शकते. क्रॉपचे आकडे स्वतः बघा, शंका आली तर चारही शून्य करा. आवाजाला ‘पासथ्रू’, म्हणजे तो जसाच्या तसा राहतो.

कायद्याचं इथं थोडक्यात सांगायला हवं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52(1)(ए) खासगी वापरासाठीच्या न्याय्य वापराला मोकळीक देतं. 2012 मध्ये आलेलं कलम 65ए हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. म्हणून स्वतः विकत घेतलेली डिस्क, स्वतःच्या घरात एक प्रत, एवढ्यावरच राहा. मंडळाच्या ग्रंथालयातून किंवा शेजाऱ्याकडून आणलेल्या डिस्कची प्रत करणं, पेनड्राइव्हवर भरून वाटणं, कुठेही चढवणं यात बसत नाही. नाटक मंडळींच्या पोटाचा प्रश्नही त्यात आहे. जे नाटक आजही विकत मिळतं ते विकतच घ्या, आणि इंदूरच्या सानंद संस्थेच्या प्रयोगाला खुर्चीत बसून बघता येतं तेव्हा तसंच बघा.

प्रत झाल्यावर मूळ डिस्क टाकून देऊ नका. ती तुमच्या मालकीची खूण आहे, आणि उद्या हार्डडिस्क बसली तर पुन्हा तिच्याकडेच यावं लागेल. प्लास्टिकच्या पाउचमधून काढून त्या कडक डब्यांत घाला. पावसाळ्यात पाउच डिस्कला चिकटतो आणि धुरकट डाग मागे राहतो. डबे पुस्तकांसारखे उभे लावा, माळ्यावर नाही, खिडकीजवळच्या कपाटात नाही, घरातल्या सगळ्यात गार भिंतीच्या बाजूला. वर नाव लिहायचंच असेल तर ते डब्यावर लिहा, डिस्कवर नको.